समाप्तीचा नारळ

अकोल्याला असताना दुपारी मी आईला समरकंदला निघालेल्या एका घोडेस्वाराची ऐतिहासिक कादंबरी वाचून दाखवायचे. कापसाच्या जिनिंगमधून सुटलेली एक बाई रोज पायरीवर टेकायची, केसांतले तंतू काढत ऐकायची. लढाई आली की पदर दातांत धरायची. तिचा मुलगा घर सोडून गेला तो परतला नव्हता, एवढंच आम्हाला ठाऊक. तिचं नाव कधी विचारलंच नाही.

शेवटच्या दिवशी तिनं नारळ आणला, पोथीच्या समाप्तीला आणतात तसा. घोडेस्वार समरकंदहून परत घरी पोचला. मी पुस्तक मिटलं.

"अन् त्याची माय?"

"तिच्याबद्दल काही लिहिलेलं नाही."

"मंग तो आला कोनाच्या घरी?"

नारळ न फोडताच पदराखाली घेऊन ती उठली. अजूनही कुठलं पुस्तक संपलं की वाटतं, नारळ फोडायचा राहिलाय.