हळद आणि हयद

बायको गेल्यानंतर दोन वर्षं तिच्या कॉम्प्युटरवरचं कापड मी फक्त झटकण्यापुरतं काढत होतो. ती शाळेत शिकवायची. सुट्टी लागली की पिशवी घेऊन जळगावहून बसने निघायची, कधी यावलकडे, कधी एरंडोलकडे, कधी पार धुळ्यापर्यंत. बायकांची गाणी कागदावर उतरवून आणायची आणि घरी टाइप करायची. मी पाटबंधारे खात्यात कारकून होतो. तिच्यासोबत एकदाही गेलो नाही.

गेल्या माघात एका सकाळी फोन आला. एरंडोल तालुक्यातल्या एका खेड्यातून कुणी अक्का बोलत होत्या.

"बाई शेत का?" बाई आहेत का, असं त्या अहिराणीत विचारत होत्या.

"त्या गेल्या. दोन वर्षं झाली."

त्या म्हणाल्या, "माले म्हाईत नव्हतं, भाऊ. मनी मायनं हयदनं गानं त्यासनी लिखी लिन्हं व्हतं. मायबी गई. आते नातनं लगीन शे, नि बठ्ठं गानं कोनलेच येत नही."

"पूर्ण गाणं शोधतो," असं मी म्हणून बसलो.

फाइली शेकड्यांनी होत्या आणि नावं नुसते आकडे. पण एक छोटा प्रोग्राम होता, तो तिने दुकानदाराकडून टाकून घेतला होता. शब्द दिला की तो सगळ्या फाइलींच्या पोटात शिरून शोधायचा. मी 'हळद' टाइप केलं. डावीकडे फाइलींची रांग लागली. एकेका फाइलवर क्लिक केलं की उजवीकडे तिच्यातल्या ओळी दिसत, शब्दाला पिवळा रंग. दुपारपर्यंत एकेक उघडत बसलो. सगळी तिची टिपणं होती, 'हळदीला पाच बायका होत्या,' असली. गाणं एकातही नाही.

चहा करताना लक्षात आलं. अक्का फोनवर 'हयद' म्हणाल्या होत्या. बायको तर जसं ऐकेल तसंच लिहायची, त्यावरून मी तिला हसायचो. 'हयद' टाकल्यावर दुसरीच रांग आली, तीही लांबलचक. तेवढ्याच निकालांत पुन्हा शोधायची सोय होती. तिथे 'एरंडोल' टाकलं. चार फाइली उरल्या. तिसरीत ते गाणं होतं, 'हयद दयस माय', म्हणजे आई हळद दळते, असं सुरू होणारं.

गाण्याखाली तिने लिहिलं होतं, 'आजींचा आवाज फार गोड. घरी येऊन ह्यांना म्हणून दाखवलं. ऐकता ऐकता झोपले.'

मला ते आठवेना. ती माझ्यासमोर कधी गायली होती, हेच आठवेना.

मग मी तो शब्द शोधला, 'ह्यांना'. तिने माझं नाव कधी घेतलं नाही, तेव्हा दुसरा शब्दच नव्हता. अकरा ओळी आल्या. 'ह्यांना डबा करून निघाले.' 'ह्यांना बरं नव्हतं, मन लागलं नाही.' 'ह्यांना विचारलं येता का, नाही म्हणाले.' ही शेवटची ओळ तीन वेगवेगळ्या फाइलींत होती. मी त्या तिन्ही उघडल्या, मागचं-पुढचं वाचलं. पुढे प्रत्येक ठिकाणी लगेच गाणं सुरू होत होतं.

दोन दिवसांनी गाण्याचा छापील कागद घेऊन मी एरंडोलची बस धरली. अक्कांना वाचता येत नव्हतं. ओट्यावर सात-आठ बायका जमल्या होत्या.

"वाचा भाऊ," अक्का म्हणाल्या.

मी ऑफिसातला हुकूम वाचावा तसं वाचायला लागलो. दुसऱ्या ओळीलाच एक म्हातारी हसली आणि तिने चाल धरली. मग त्या सगळ्याच म्हणायला लागल्या. मी पुढची ओळ सांगत होतो, त्या ती उचलत होत्या. मध्येच अक्का थांबल्या. "आठे मामीनी एक ओळ ऱ्हायनी." इथे नवरीच्या मामीच्या नावाची ओळ सुटली होती, ती त्यांनी म्हणून दाखवली. मी कागदाच्या कडेला लिहून घेतली, त्या म्हणाल्या तशीच.

वरण-बट्टी खाल्ल्याशिवाय त्यांनी सोडलं नाही. निघताना अक्का म्हणाल्या, "बाईंसंगे तुम्ही कधी उनात नहीत."

"नाही आलो," मी म्हणालो.

घरी आल्यावर मामीची ओळ फाइलमध्ये घातली आणि सेव्ह केलं. पुन्हा शोध घेतला तेव्हा फाइलपुढची तारीख बदलली होती. तिने गाणं टाइप केलं त्या दिवसाच्या जागी आता आजचा दिवस होता. जुनी तारीख परत आणायचा प्रयत्न केला, जमलं नाही. तिची ती तारीख मी पाहून ठेवली नव्हती.

आता रोज सकाळी एखादा शब्द शोधतो, फाइल वाचतो आणि काही न बदलता बंद करतो. कुणी राहिलेली ओळ सांगितली, तर ती माझ्या वेगळ्या फाइलमध्ये लिहितो. त्या फाइलमध्ये सध्या दोनच ओळी आहेत.