आत्या थांबली नाही

माझी आत्या ऑर्केस्ट्राची संचालक. आज मोठमोठ्या शहरांतून तिला बोलावणी येतात, वर्तमानपत्रं तिला 'थोर' म्हणतात. घरात मात्र आम्ही तिला हट्टी म्हणतो, आणि वर्तमानपत्रांपेक्षा आमचंच बरोबर आहे.

कितीतरी वर्षं ती ऑपेरा हाऊसच्या तळघरात, खिडकी नसलेल्या खोलीत, पियानोवर बसून गायकांची तालीम घेत होती. घाम तिचा, टाळ्या संचालकाच्या. एक संचालक गेला, दुसरा आला, तिसरा तर तिनेच शिकवलेला. तेव्हा तिने मॅनेजरला तोंडावर सांगितलं, "संचालकाची काठी माझ्या हातात द्या, नाहीतर दुसरी पियानोवाली शोधा." तशी मिळेना, म्हणून एका हंगामापुरती काठी हाती आली. कायमच्या कराराचं नंतर बघू, असं ठरलं.

हंगामाच्या शेवटच्या ऑपेरात नायक होता एक नावाजलेला गायक. आवाज खणखणीत, आणि गर्व त्याहून खणखणीत. नायिका अगदी नवखी मुलगी. अखेरच्या प्रवेशात दोघांनी एक उंच सूर एकत्र धरायचा, आत्याने काठीने खूण केली की एकत्र सोडायचा, आणि मध्ये श्वास न घेता नायिकेने एकटीने शेवटची ओळ गायची. पण हे महाशय खुणेकडे बघतील तर शपथ! लोकांकडे बघत सूर ताणतच राहायचे. तालमीत मुलीचा दम संपला, ओळ घशातच अडकली, आणि हा चक्क हसला. आठवलं की आजही माझ्या अंगाचा तिळपापड होतो.

"ते जेवढं ताणतील तेवढं थांबायचं," मॅनेजरने आत्याला बजावलं. "लोक त्यांच्यासाठी येतात."

पहिल्या प्रयोगात आत्याने खूण केली आणि ऑर्केस्ट्रा पुढे नेला. मुलीने ओळ उचलली. गायक मात्र मागच्याच सुरावर एकटा बोंबलत राहिला. लोक खुर्च्यांत चुळबुळले. रंगपटात त्याने पावडरचा डबा आरशावर फेकला, आणि मॅनेजर आत्याला म्हणाला, "उद्या थांबलात तर करार. नाहीतर आपला रस्ता धरा."

दुसऱ्या दिवशी मी पहिल्याच रांगेत होते. रंगमंचापुढच्या खड्ड्यात वादक बसतात, तिथलं सगळं ऐकू येत होतं. व्हायोलिनवाल्या काकांनी हळूच विचारलं, "बाई, आज थांबायचं का?"

"माझ्या हाताकडे बघा," आत्या म्हणाली. "बाकी कुणाकडे बघू नका."

सूर चढला. काठी वर गेली. आदल्या दिवशीची फजिती चांगलीच झोंबली असावी, कारण त्या गायकाने पहिल्यांदाच नजर खाली वळवून तिच्याकडे बघितलं. आत्याने न थांबता ठरल्या जागी खूण केली, तशी त्याने मुकाट्याने सूर सोडला. मुलीची ओळ शेवटपर्यंत स्वच्छ ऐकू आली. मी रडले, सरळ सांगते.

मॅनेजरला मात्र फक्त मोडलेला हुकूम दिसला.

घरी येऊन आत्याने कोट खुंटीला अडकवला. "वहिनी, करार गेला. ताट वाढ, भूक लागली आहे."

आईने कपाळाला हात लावला. "अहो वन्सं, इतकी वर्षं वाट बघितलीत. क्षणभर थांबला असतात तर काय संपणार होतं?"

"त्या पोरीचा श्वास," आत्या म्हणाली आणि टोपलीतली भाकर तिने स्वतःच वाढून घेतली.