दार न उघडण्याचा धडा

माझी लेक तेवीस वर्षांची आहे आणि दारावर थाप पडली की ती दार उघडत नाही. पोलीस येवोत नाहीतर मंत्री येवोत, नाही म्हणजे नाही. हा हट्ट नाही, हे तिला शिकवलेलं आहे. शिकवणाऱ्या दोघी, एक मी आणि दुसरी उल्हासनगरची थेरपिस्ट.

लेकीला ऑटिझम आहे. बोलते कमी, पण बोलते ते रोखठोक. लहानपणी तिच्यासाठी मी सगळे दवाखाने पालथे घातले. अठरा उलटली आणि जो तो म्हणायला लागला, आता काय शिकवणार, आता फक्त सांभाळा. जसं काही इतकी वर्षं मी झोपा काढत होते. मग उल्हासनगरातल्या एका ऑक्युपेशनल थेरपी सेंटरबद्दल कळलं, तिथे मोठ्या मुलामुलींनाही घेतात म्हणे. खाली कापडाची दुकानं, वर सेंटर. थेरपिस्ट सिंधी, माझ्या लेकीपेक्षा फार तर पाच-सहा वर्षांनी मोठी. ही पोरगी काय शिकवणार, असं मनात म्हणत मी खुर्चीत बसले आणि लेकीला काय काय येत नाही त्याचा पाढा सुरू केला. तिनं मला मधेच थांबवलं.

"आंटी, तुम्हाला काय पाहिजे ते नंतर. इसको क्या चाहिए?"

लेक तिथल्या फिरत्या खुर्चीवर गोल गोल फिरत होती. न थांबता म्हणाली, "घर. एकटी."

खोटं कशाला बोलू, मला झोंबलं. वीस वर्षं जिच्यासाठी जिवाचं रान केलं, तिला माझ्यापासून सुटका हवी? थेरपिस्ट हसली आणि म्हणाली की घरात कुणी नसावं असं तिलासुद्धा रोज वाटतं, मला कधी वाटत नाही का? वाटतं की. मग लेकीलाच का वाटू नये? तिथून आमचं ठरलं. संध्याकाळचे दोन तास लेकीनं घरात एकटीनं राहायचं.

ही थेरपी म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं. औषध नाही, मशीन नाही. रोजचं एकेक काम घ्यायचं, त्याचे बारीक बारीक तुकडे करायचे आणि हाताला, कानाला, नाकाला झेपेल असं बसवायचं. चहाचे तुकडे केले. शेवटी मी विचारायचं, "चहा झाला?" तिनं म्हणायचं, "बटण बंद," आणि गॅसचं बटण फिरवायचं. काडी ओढायला तर कित्येक महिने गेले. हात थरथरायचा, काडी मोडायची, ती किंचाळायची. पण तिला ते हवंच होतं, कारण संध्याकाळी सातला बुद्धमूर्तीसमोर मेणबत्ती लावायचं काम तिनं माझ्याकडून स्वतःकडे ओढून घेतलं होतं.

आणि मग दार. या बाबतीत मी कडक. तरणी पोर घरात एकटी, आमची मांजर्लीतली बिल्डिंग, खाली वॉचमन असला तर असला. म्हणून नियम एकच ठेवला. थाप ऐकली की हातात असेल ते सोड, पलंगावर बस, हेडफोन लाव. सगळं शांत झालं की ऊठ. दार फक्त चावीनं उघडणार, आईच्या नाहीतर बाबांच्या. बेलचा आवाज तिला सहन होत नाही म्हणून बेल आम्ही कधीच काढून टाकली होती.

त्याची तालीम केली. शेजारच्या वहिनी खीर घेऊन आल्याचं नाटक करून गेल्या. नवऱ्यानं कुरियरवाल्याचा आवाज काढला. शेवटी थेरपिस्ट म्हणाली, आंटी, आता तुम्ही. मी दाराबाहेर उभी राहून गयावया केली. बाळा, चावी विसरले गं, पाय दुखतायत, उघड. आत हूं नाही की चूं नाही. मी चावीनं दार उघडून आत गेले, तर बाईसाहेब पलंगावर हेडफोन लावून बसलेल्या. मी आनंदानं बहिणीला फोन केला. पोरीनं आईला दाराबाहेर ठेवलं म्हणून पेढे वाटावेत असं वाटणारी आई माझ्याशिवाय दुसरी नसेल.

सगळं सुरळीत चाललं होतं. मग थंडीतली ती संध्याकाळ आली. मी चक्कीवर दळण आणायला गेले होते. परतले, डबा खाली ठेवला, पिशवीत हात घातला आणि लक्षात आलं की पिशवी बदलताना चावी आतच राहिली. दार ओढलं की लॅच लागतं. सवयीनं माझ्या हातानं दारावर दोनदा थापही मारली. मग स्वतःलाच शिव्या घालून नवऱ्याला फोन केला. तो अंबरनाथला, फॅक्टरीत. निघतो म्हणाला. मी जिन्यात बसले. राग आला होता तो फक्त स्वतःचा. बाकी काळजी काही नव्हती, आत लेक नियमाप्रमाणे बसली असणार.

थोड्या वेळानं वास आला. आधी चहा उतू जाऊन करपल्याचा. मला वाटलं दुसऱ्या कुणाच्या घरातून येत असेल. मग तो करपट वास विरला आणि दाराखालच्या फटीतून दुसराच वास यायला लागला. गॅसचा.

मग डोक्यात लख्ख प्रकाश पडला. ती चहा करत होती. मी थाप मारली. हातात असेल ते सोड, पलंगावर बस. तिनं सोडलं. चहा उतू गेला, ज्योत विझली, बटण चालूच. चहाचा धडा वेगळा, दाराचा धडा वेगळा. दोन्ही तिला पाठ. चहा चालू असताना थाप पडली तर काय, हे मला सुचलं नव्हतं, थेरपिस्टलाही सुचलं नव्हतं. आणि माझ्या लेकीच्या नाकाला वास फार उशिरा कळतो.

मी दारावर मुठी आपटायला लागले, गॅस बंद कर, गॅस बंद कर, म्हणून ओरडायला लागले. जेवढी मी आपटत होते, तेवढी ती आत घट्ट बसून राहणार, हे कळत होतं आणि हात थांबत नव्हता. वहिनी बाहेर आल्या. वरून सोसायटीचे सेक्रेटरी उतरले. रिटायर्ड माणूस, आयुष्यभर हाताखालच्यांना हुकूम देण्यात गेलेलं. त्यांनी वॉचमनला पहार आणायला पाठवलं आणि मीटरबॉक्सकडे निघाले, मेन स्विच बंद करतो म्हणून. मी त्यांचा दंड धरला.

लाइट गेली की माझी लेक पहिली गोष्ट काय करते? मेणबत्ती लावते. तेही आम्हीच शिकवलेलं. मी त्यांना हे सांगितलं तर ते म्हणाले की अशा मुलीला एकटं ठेवूच कसं शकता. त्या क्षणी मला त्या माणसाला जिन्यावरून ढकलून द्यावंसं वाटलं. पण माझी नजर मोबाईलवर गेली. सात वाजायला आलेच होते. लाइट असो नसो, सातला ती काडी ओढणार होती.

मी खाली उतरून बिल्डिंगच्या बाहेर गेले आणि थेरपिस्टला फोन लावला. काय बोलले आठवत नाही, पण तिला कळलं. तिचा आवाजही हलला होता. तरी तिनं मला मुद्द्याचं सांगितलं. दार विसरा. सगळ्यांना दारापासून हटवा, एकदम चूप करा. शांत झालं की ती उठेल. उठल्यावर काडेपेटी कुठून घेते?

काडेपेटी गॅसच्या शेजारी, ओट्यावर.

"मग किचनच्या खिडकीखाली जा. चहा विचारा, आंटी. रोजच्यासारखा. ओरडायचं नाही."

हे म्हणणं सोपं. माझा आवाज म्हणजे साधं बोलले तरी शेजारी विचारतात, भांडण झालं का. मी जिन्याखाली येऊन वर सगळ्यांना हात जोडले. वहिनींनी सेक्रेटरींना जवळजवळ ओढत खाली आणलं. पहारीचं मात्र ते सोडेनात. दार तोडायला दोन मिनिटं लागतील, म्हणत राहिले. मी म्हटलं, दाराची चौकट लोखंडी आहे, त्यावर पहार मारून ठिणगी उडाली तर तुम्ही भरून देणार का? आणि तो धाडधाड आवाज ऐकून ती भिंतीवर डोकं आपटायला लागली तर आत जाऊन कोण धरणार? मग त्यांनी वॉचमनला पहार खाली ठेवायला सांगितली.

मी मागच्या बाजूला धावले. आमचं घर पहिल्या मजल्यावर, किचनची खिडकी नदीच्या अंगाला. त्या बाजूला मच्छर इतके की संध्याकाळी काच लावलेलीच असते. आत ट्यूब चालू होती. ओट्यावरचे डबे दिसत होते, बाकी काही नाही. मागे कंपाउंडमध्ये दहाबारा माणसं, कुणी शिंकेना की खोकेना. मी वर बघत उभी राहिले. मनात फक्त एकच, सात वाजायच्या आत उठू दे. आणि लगेच, नाही, उठू नको, बस तिथेच, बाबा येईपर्यंत बस.

ती उठली. काचेमागे तिचं डोकं दिसलं, हेडफोन काढलेलं, मग हात ओट्याकडे गेला.

मी श्वास घेतला आणि साध्या आवाजात विचारलं, "चहा झाला?"

काही नाही. हात हलत होता. काडेपेटी उचलली असणार. पुन्हा तसंच विचारलं, जरा मोठ्यानं, पण तसंच. रोज विचारते तसं.

"चहा झाला?"

हात थांबला. ती वाकली. तिचा आवाज काचेतून मला ऐकू आला नाही, पण ओठ दिसले. बटण बंद. तिचा खांदा फिरला, तिनं बटण फिरवलं. माझ्या मागे वहिनी रडायला लागल्या तेव्हा मी त्यांचा हात इतका जोरात दाबला की दुसऱ्या दिवशी त्यांनी मला वळ दाखवला.

मी वर बोट दाखवून म्हटलं, "खिडकी." तिनं काच सरकवली. वास खाली आमच्यापर्यंत आला. तिच्या हातात काडेपेटी होती आणि अर्धी काडी बाहेर काढलेली. मी नाही म्हटलं असतं तर तिनं तिथल्या तिथे काडी ओढली असती, मी तिला ओळखते. नाही हा शब्द तिला आगीपेक्षा वाईट. म्हणून थेरपिस्टनं शिकवलेली आधी-मगची भाषा वापरली. "आधी बाबा, मग मेणबत्ती."

तिनं माझ्याकडे पाहिलं. घड्याळाकडे पाहिलं. सात होऊन गेले होते. तिचा जबडा आवळला गेला, एक हात स्वतःच्याच मनगटावर दाबायला लागला. पुन्हा म्हटलं, आधी बाबा, मग मेणबत्ती. मी किती वेळा म्हटलं माहीत नाही. ती खिडकीत गजाला कपाळ टेकवून उभी राहिली, मी खाली मान वर करून. नवरा रिक्षातून उतरला आणि धावत वर गेला, तोपर्यंत आम्ही दोघी तशाच.

त्यानं रेग्युलेटर बंद केला, सगळ्या खिडक्या उघडल्या. वास पूर्ण गेल्यावर तिनं मेणबत्ती लावली. मी तिच्या मागे उभी होते.

त्यानंतर निकाल लागायला वेळ लागला नाही. सेक्रेटरी म्हणाले, आता बिल्डिंगचाही प्रश्न आहे. नवरा म्हणाला, बस झालं एकटं राहणं. मला कुणी समजवायची गरजच नव्हती, मी आधीच ठरवलं होतं. थेरपिस्टनं फोन केला की दोन्ही धडे आता एकत्र शिकवू, आधी बटण, मग पलंग, तेव्हा मी तिला वाट्टेल ते बोलले. तुझ्या प्रयोगात माझी पोर गेली असती, असंही बोलले. तिनं ऐकून घेतलं. म्हणाली, तुम्हाला वाटेल तेव्हा या. तरी मी तिच्याकडे दोनदा जाऊन आले, आणि लेकीनं नवा धडा पहिल्या दिवशीच उचलला. पण घरात मी संध्याकाळी हलले नाही. दळण नवरा आणायचा, भाजी वहिनी.

लेक संध्याकाळ झाली की दाराजवळ येऊन उभी राहायची आणि माझ्याकडे बघत राहायची. मी टीव्ही लावायची. ती तशीच उभी. चहा केला नाही तिनं त्या दिवसांत, विचारलं तरी नाही. मेणबत्ती लावायची, पण लावून झाली की आत जाऊन भिंतीकडे तोंड करून झोपायची. मला वाटायचं, विसरेल. ती कधी काय विसरली आहे?

मग एका संध्याकाळी तिनं माझ्या चपला दाराबाहेर नेऊन ठेवल्या. सरळ, जोडीनं, जिन्याकडे टोकं करून. परत आली आणि माझ्यासमोर उभी राहिली. एरवी ती डोळ्यांत बघत नाही.

"आई, जा."

मी नाही म्हणणार होते. गॅस तिच्या घरात होता, काडेपेटी तिच्या घरात होती, आणि त्या घरात दोन तास माझ्याशिवाय असण्यासाठी तिनं जेवढे कष्ट घेतले होते, तेवढे मी आयुष्यात कशासाठी घेतले नसतील. मी उठले, चावी घेतली. बाहेर जाऊन चपला घातल्या. तिनं आतून दार लावून घेतलं, आणि मी जिना उतरायला लागले.