कॅसेट क्रमांक १४३

माझं वय अठ्ठ्याहत्तर. आयुष्यभर केंद्र सरकारच्या फायली तपासल्या, त्यामुळे कागदावर नसलेल्या गोष्टीवर विश्वास ठेवायची सवय नाही. भूतबाधा, आत्मे वगैरे गप्पा निघाल्या की मी चहा करायला उठायचो. म्हणून हे लिहिताना लाज वाटतेय. पण लाजेचं खरं कारण वेगळं आहे... तेही सांगतो.

आम्ही गुरुग्रामला, चौदाव्या मजल्यावर, मुलाकडे राहतो. गेल्या हिवाळ्यात मी माझ्या सहाशे कॅसेट्स कॉम्प्युटरवर उतरवायला घेतल्या. प्रत्येकीची नोंद करायची – क्रमांक, गायक, राग, कुठून मिळाली. जुन्या रजिस्टरात १४३ पुढे लिहिलं होतं : 'रेडिओ, रात्रीची सभा'.

ते अर्धसत्य होतं.

आम्ही दिल्लीत सरकारी क्वार्टरमध्ये राहायचो, तेव्हा वरच्या मजल्यावर देवधर होता. त्याची बायको कुसुमवहिनी. आजारपणात, आपण फार दिवस नाही हे कळल्यावर, तिने तीन वर्षांच्या नंदासाठी अंगाईगीतं एका कॅसेटवर भरून ठेवली. ती गेल्यावर देवधरने कॅसेटच्या कडेच्या दोन्ही पट्ट्या मोडल्या. त्या मोडल्या की वर दुसरं काही रेकॉर्ड होत नाही. मग दुसरी प्रत काढायला कॅसेट माझ्याकडे दिली, कारण डबल डेक माझ्याकडेच होता.

त्याच आठवड्यात शनिवारी रेडिओवर असा गायक होता, जो पुन्हा ऐकायला मिळेल याची खात्री नव्हती. घरात कोरी कॅसेट नाही, दुकानं बंद. मोडलेल्या पट्टीच्या भोकावर सेलोटेप लावला की पुन्हा रेकॉर्ड होतं, हे मला माहीत होतं. दुसरी बाजू कोरी असेल, अशी मनाची समजूत घातली... घाईत बाजूही पाहिली नाही. एक संपली तशी उलटून, तिथल्या भोकावरही सेलोटेप लावून, दुसरीही भरली.

देवधरला म्हणालो, "अरे, परवाच नाही का परत दिली? कपाटात बघ."

तो बिचारा वर्षानुवर्षं बघत राहिला. आपणच हरवली, असं मानून गेला.

तर गेल्या हिवाळ्यात एका दुपारी मी १४३ डेकमध्ये घातली. हेडफोन कानावर. आलाप सुरू होता. माझी सून सिम्मी पंजाबी आहे, तिला मराठीचा गंध नाही. शेजारच्या खोलीत तिचं ऑफिसचं काम चाललं होतं. ती दारात आली.

"पापाजी, कौन आया है?"

"कोई नहीं. क्यों?"

"कोई आंटी बोल रही थीं ना, अभी. भावजी, भावजी... ये भावजी किसको बोलते हैं?"

भाऊजी. मला अशी हाक मारणारी एकच बाई होती.

"टीव्ही होगा," मी म्हणालो. टीव्ही बंद होता. तिने वळून बघितलं आणि परत कामाला गेली.

दुसऱ्या दिवशी मी हेडफोन काढून कॅसेट लावली. दहाव्या मिनिटाला आलाप मागे सरला, जणू कुणी दार लोटलं, आणि अगदी माझ्या खांद्याशी – "भाऊजी, झाली का कॉपी?" मग अंगाई. मी डेकची वायर उपटली. अंगाई थांबली नाही... दोन ओळी अजून चालली. कॉम्प्युटरवर उतरलेलं तपासलं, तर त्यात फक्त आलाप.

जुना आवाज नीट पुसला गेला नसेल, असं तुम्ही म्हणाल. मीही म्हटलं. पण ते वाक्य मूळ कॅसेटवर असणारच कसं?

नंदा आता नोएडात असते. तिला फोन केला, सगळं सांगितलं. ती म्हणाली, "काका, बाबा शेवटी हॉस्पिटलमध्येसुद्धा उशीखाली चाचपत होते. मला आईचा आवाज आठवत नाही हो. रविवारी येते."

आली. आम्ही दोघं डेकसमोर बसलो. दहाव्या मिनिटाला माझ्या अंगावर काटा आला. नंदा मात्र डोळे मिटून तशीच बसलेली. कॅसेट संपल्यावर तिने विचारलं, "तुम्हाला काही ऐकू आलं का, काका?"

मी म्हणालो, "नाही गं."

घाबरलो होतो. पुन्हा खोटं बोललो. ती कॅसेट पर्समध्ये घालून गेली.

कॅसेट आता माझ्या घरात नाही. तरी दुपारी कॅसेट्सच्या कपाटासमोर उभं राहायचं धाडस होत नाही. नोंद मात्र दुरुस्त केली : '१४३. आवाज – कुसुम देवधर. मी पुसला.'

मला ऐकू येतं आणि तिच्या लेकीला नाही, असं का, हे मला आजही कळलेलं नाही. पण नंदा, तू या मासिकाचा अंक वाचतेस म्हणून लिहितो. त्या रविवारी आवाज येत होता. बारीक होता, ओळीच्या शेवटी किंचित हसरा. आणि प्रत्येक कडव्यात तुझं नाव होतं.