गरम इंजिनातला तिसरा प्लग

काशिरामकाका रोज सकाळी शटर उघडण्याआधी पायरीवर बसत, शर्टाच्या खिशातून एक जुना स्पार्क प्लग काढत आणि दाराशी पडलेल्या, फियाटच्या इंजिनाच्या भंगार हेडमध्ये नुसत्या बोटांनी फिरवत. आटे धरले, प्लग तळाशी गेला, की शटर वर. नाही गेला, तर ते तसेच बसून राहत.

जुन्या पनवेलच्या कोळीवाड्याकडे उतरणाऱ्या रस्त्यावर त्यांचं गॅरेज होतं. त्यांच्या घरची होडी थोरल्या भावाकडे गेली, ते इंजिनांकडे वळले. चाळीस वर्षं जुन्या फियाट केल्या. मग कंपवात झाला. पाने हातातून सुटू लागले, गिऱ्हाइकं एकेक करून गेली. २०११ साली त्यांच्याकडे येणारी एकच गाडी उरली होती: माझ्या बाबांची, एकोणीसशे पासष्टची.

त्यांची बायको, भामाकाकू, बाजारात मासळी विकायची. तिने एक दिवस अट घातली.

"अविनाशसाहेबांच्या गाडीचे चार प्लग एकट्यानं बदला. जमलं तर गॅरेज बंद करा म्हनून मी तोंड उघडनार नाय. नाय जमलं, तर गॅरेजची चावी माज्याकडं."

"चार? डोळे झाकून करीन."

"डोळ्यांचं कोन बोलतंय? हातांचं बोला."

प्लग आणायला बाबा मुंबईला गेले आणि दुकानातले सगळ्यात महाग घेऊन आले. काकांनी एक हातात घेतला, जुन्याशेजारी धरून आट्यांची लांबी जुळवली आणि परत खोक्यात घातला.

"लांबी बरोबर हाय. पन हा शर्यतीच्या गाडीचा, थंड रहानारा. तुमची गाडी कुटं जाते, साहेब?"

"खांदा कॉलनीतून मंडईत. कधीतरी ओवे गावाला, बहिणीकडे."

"मंग भाजी आननाऱ्या गाडीला शर्यतीचा प्लग कशाला? हळू चालते, तिला लवकर तापनारा पायजे. स्वतःची काजळी स्वतः जाळील असा." त्यांनी आमच्या गाडीतला जुना प्लग मला दाखवला, टोक काजळासारखं काळं. "ह्याचा रंग चहात बुडवलेल्या बिस्किटाचा पायजे, पोरी. तवा इंजिनाची तब्येत बरी."

बाबांनी प्लग बदलून आणले. दिवस ठरला. भामाकाकूने त्या दिवशी बाजारात मासळीची पाटी लावली नाही.

काका आठ वाजता गोळी घेत. साडेआठ ते साडेनऊ हात शांत राहत. दुपारची गोळी अलीकडे लागू पडत नव्हती. म्हणून त्यांनी बाबांना बजावलं होतं, गाडी आदल्या रात्रीच गॅरेजसमोर लावा. हेड ॲल्युमिनियमचं, गरम असताना प्लगला हात लावायचा नाही. आटे प्लगबरोबर उपटून येतात. हे त्यांनी हाताखाली शिकलेल्या प्रत्येकाला सांगितलं होतं.

बाबांचा जीव गाडीत. रात्रभर रस्त्यावर ठेववेना. सकाळी निघू, जाता जाता कळंबोलीला पेट्रोल भरू, म्हणाले. मी शेजारी बसले होते. कळंबोलीत लोखंडाच्या ट्रेलरांमध्ये आम्ही पाऊण तास अडकलो. पोचलो तेव्हा नऊ वाजले होते आणि बोनेटवर हात ठेववत नव्हता.

काकांनी हात ठेवला. उचलला. स्वतःची बोटं बघितली. ती अजून शांत होती.

"उद्या करा," भामाकाकू म्हणाली. "मी काय पळून जात नाय."

"उद्या हे हात असतील कशावरून?"

"अवो, अट मीच घातली, मीच मोडते."

"तू नको मोडू."

ते थांबले. पुठ्ठ्याने वारा घातला, ओलं फडकं उचललं, पण तापलेलं हेड तडकेल म्हणून परत बादलीत टाकलं. साडेनऊ झाले. उजव्या हाताची करंगळी हलू लागली. ती त्यांनी मुठीत दाबली आणि पाना उचलला.

एक काढायचा, एक बसवायचा, म्हणजे वायरींची अदलाबदल होत नाही. पहिला निघाला. नव्याच्या शेंडीवर त्यांनी पेट्रोलच्या रबरी नळीचा तुकडा चढवला आणि नळीनेच तो आत फिरवला. आटा चुकला तर नळी घसरते, जबरदस्ती होत नाही. प्लग बसला. पान्याने पाव फेरा. दुसराही बसला. पायरीवर बसलेल्या भामाकाकूने पदर तोंडाशी धरला होता.

तिसरा काढताना अर्ध्या फेऱ्यानंतर करकरला.

त्यांना कळलं होतं. थांबायला हवं हेही कळलं असणार. पण हात आता खांद्यापासून हलत होता, आणि त्या हलण्यानेच पाना फिरत गेला. प्लग बाहेर आला तेव्हा त्याच्याभोवती चकाकती तार गुंडाळलेली होती. हेडचे आटे.

"चूक माझी आहे, काशिराम," बाबा म्हणाले.

काकांनी मान हलवली. होय की नाही, ते समजलं नाही. मान आता सतत हलत होती. खिशातून चावी काढायला त्यांना फार वेळ लागला.

"राहू द्या तुमच्याकडं," भामाकाकू म्हणाली.

त्यांनी चावी तिच्या मांडीवर ठेवली. ती खाली घरंगळली. कोणीच उचलली नाही.

कळंबोलीच्या एका वर्कशॉपमध्ये बाबांनी हेडला नव्या आट्यांचा बुश बसवून घेतला. गॅरेज बंद झालं. भंगार हेड काकूने घरी अंगणात नेऊन ठेवलं होतं. काका त्याच्याकडे पाठ करून बसत. खिशात प्लग नव्हता.

जानेवारीत मी एकटी गाडी घेऊन त्यांच्याकडे गेले. इंजिनाचा आवाज त्यांनी ऐकावा, एवढंच मनात होतं. आठ दिवसांनी भामाकाकूचा फोन आला, काका सकाळी झोपेतच गेले. मी पोचले त्या दिवशी मात्र ते अंगणात बसले होते, गाडी थांबल्यावरही तिच्याकडे बघत नव्हते. काकू चहा टाकायला आत गेली. मी बोनेट उघडायला गेले. मागून आवाज आला, बारीक, पण नेहमीसारखाच.

"आताच आलीस ना, पोरी? आदी थंड होऊ दे."