कमळाखालची कडी

अन्याय माझ्या आईवर झाला. चैत्रातल्या एका मंगळवारी, दुपारी बारा ते साडेतीनच्या दरम्यान, ती भाच्याच्या हळदीला धुळ्याकडे गेलेली असताना. ठिकाण: सुरत, नवागाम, आमच्या घराची वरच्या मजल्यावरची पुढची खोली. वस्तीच्या प्रश्नांवर पत्रकं लिहून लिहून मला ही सवय लागली आहे. कोणावर, कधी, कुठे, हे पहिल्याच ओळीत सांगायचं, कारण दुसरी ओळ लोक वाचतीलच असं नाही. कोणी केला, ते मात्र जरा सावकाश सांगते. त्यात माझी थोडी अडचण आहे.

त्या खोलीच्या स्लॅबला मधोमध एक कडी होती. छत भरलं तेव्हा वडिलांनी स्वतः उभं राहून ती बसवून घेतली होती. ते लूमच्या खात्यात, म्हणजे यंत्रमागाच्या कारखान्यात, कामाला होते. तिथल्या मोडीत निघालेल्या मशीनचा बोटाएवढा जाड गज वाकवून त्यांनी ती केली. तिला आधी दादाचा पाळणा टांगला, मग माझा. आम्ही पाळण्यातून उतरलो तशी ती आखाजीची झाली.

खानदेशात अक्षय्य तृतीयेला आखाजी म्हणतात आणि आखाजीला झोका लागतो. गावाकडे त्यासाठी झाडं असतात. नवागामात भिंतीला भिंत लागलेली, झाड लावायचं तर कोणाच्या तरी जिन्यातच लावावं लागेल. म्हणून छताला कडी. दोरखंड, त्यावर फळी, फळीवर गोधडीची घडी. सकाळी घागर भरली, पुरणाचा नैवेद्य झाला, की दुपारी गल्लीतल्या बायका वर यायच्या आणि दिवेलागणीपर्यंत एकीनंतर एक झोक्यावर बसून गाणी म्हणायच्या.

माझी आई वर्षभर जमिनीवर बसते. मांडीवर साडी पसरून तिच्यावर टिकल्या चिकटवते. मान खाली, पाठ वाकलेली, शेजारी झालेल्या आणि व्हायच्या साड्यांचे दोन ढीग. आमच्या गल्लीतल्या निम्म्या बायका हेच करतात. वर्षातून एक दिवस तिचे पाय जमिनीवरून सुटतात. एवढं लक्षात ठेवा, कारण आता फर्निचर येणार आहे, आणि फर्निचर आलं की माणसं एवढंही विसरतात.

दादा माझ्याहून पाच वर्षांनी मोठा. टेक्स्टाईल मार्केटमधल्या एका दुकानात माल उलगडून दाखवायला म्हणून लागला, आता ते दुकान तोच सांभाळतो. व्यापाऱ्यांच्या घरी जाणं-येणं सुरू झालं, त्यातच त्याच्यासाठी मुली बघायला सुरुवात झाली, आणि त्याला आमची पुढची खोली बोचायला लागली.

"पाहुणे आले तर बसतील कुठे?" तो म्हणाला.

"आपन बठतस तठेच," आई म्हणाली. आपण बसतो तिथेच. घरात ती अहिराणीच बोलते.

मग सोफा आला. त्याला सोफा म्हणायचं ते पावतीवर तसं लिहिलं होतं म्हणून. मरून मखमल, सोनेरी पाय, पायांना वाघाचे पंजे आणि हातांच्या टोकांना सिंहाची तोंडं. पाठीवर बटणं इतकी खोल रुतवलेली, की पहिल्याच आठवड्यात एका खड्ड्यात शेंगदाणा गेला, तो अजून तिथेच आहे. सोफ्यापाठोपाठ काचेचं टीपॉय, त्याच्याखाली चार पांढरे हत्ती, सोंडेवर काच तोलून धरलेले. मग भिंतभर टीव्ही युनिट. त्यात तेवीस खण, आणि खणांत ठेवण्यासारख्या आमच्याकडे वस्तू तीन. उरलेल्या भिंतीवर दादाने धबधब्याचा वॉलपेपर लावला. नळाला पाणी दिवसातून एकदा आणि भिंतीवर चोवीस तास धबधबा.

मी सोफ्याची किंमत विचारली. दादा म्हणाला, "लक्झरी आहे ती." म्हणजे किंमत सांगण्यासारखी नव्हती. नंतर मी कोपरा खरवडून पाहिला तर सोनेरी रंगाखाली भुसा दाबून केलेली फळी निघाली, पावसाळ्यात पापडासारखी फुगते ती. मला राग दादाचा आला नाही, खरं सांगते. आमच्या वस्तीतल्या माणसाला आधी बारा तास उभं करायचं, मग त्याच्या घराची त्याला लाज वाटायला लावायची, आणि शेवटी त्याला धड बसताही येणार नाही असा सोफा राजवाड्याच्या नावाने विकायचा. हा धंदा आहे. आणि माझा भाऊ, रोज दुकानात गिऱ्हाइकाला हेच सांगणारा, स्वतः गिऱ्हाईक झाल्यावर पहिल्या वाक्याला फसला.

आता तो मंगळवार. छताखाली नकली छत करायला दादाने बोलावलेला पीओपीचा कारागीर आला होता. दादा मार्केटला, वडील खाली ओट्यावर, घरात मी. मी स्वयंपाकघरात पत्रकांच्या घड्या घालत बसले होते. पत्रक आमच्या भागातल्या घरांबद्दल होतं आणि त्यातली ठळक ओळ माझी होती: राहणाऱ्याला विचारल्याशिवाय घराला हात लावायचा नाही.

कारागिराने शिडीवरून हाक मारली. "दीदी, बीच में कड़ी है. काट दूँ या अंदर दबा दूँ?"

मी मान वर केली नाही. म्हटलं, "जो ठीक लगे, कर दो."

झालं. अन्याय करायला एवढाच वेळ लागतो. ही माझी अडचण.

साडेतीनपर्यंत छताच्या मधोमध परातीएवढं कमळ उमललं. गुलाबी पाकळ्या, कडेला सोनेरी रेघ, भोवती जांभळ्या दिव्यांची पट्टी, आणि ते दिवे लावायला रिमोट. खोलीची उंची हातभर कमी झाली. पंखा एका कोपऱ्याकडे सरकला, त्यामुळे वारा आता सोफ्यातल्या सिंहाला लागायचा आणि आम्ही घामाघूम. जांभळ्या उजेडात वरण हिरवं दिसतं, हे मला त्या दिवशी कळलं.

आई शुक्रवारी परतली. खांद्यावरची पिशवी न उतरवताच तिने वर बघितलं. मग विचारलं, "आते झोका कोठे टांगू?"

मी तिच्या खांद्यावरची पिशवी उतरवून घेतली. दादाच बोलला. "अगं, तयार झोका आणतो ना. शोरूमचा. आपल्या मार्केटमधल्या शेठच्या घरी आहे तसा."

सुरतेतल्याच पर्वत पाटिया भागातल्या एका शोरूममध्ये आम्ही तिघं गेलो. झोका म्हणजे हिंचको, गुजराती घरातला, बसायला किती सुखाचा असतो मला माहीत आहे. माझ्या शाळेतल्या मैत्रिणीच्या घरी होता, तिची आजी त्यावर बसून भाजी निवडायची. शोरूममधला तो नव्हता. चार सोनेरी खांब, दोन्ही बाजूंना पिसारा फुलवलेले फायबरचे मोर, मखमली बैठक आणि वर प्लास्टिक. विक्रेता म्हणाला, "मासी, आ तो राजवाडी आइटम छे. ड्रॉइंग रूमनी शान."

आई बसली आणि तिने पायाने जमीन रेटली. विक्रेत्याने लगेच साखळी धरली. "धीमे मासी, डिस्प्ले पीस छे."

आई माझ्याकडे वळली. "हाऊ झोका देखाले शे का बठाले?" हा झोका बघायला आहे की बसायला.

दादा तोवर काउंटरवर गेला होता.

तो राजवाडी आइटम जिन्यातून वर येईना. शेवटी गॅलरीतून दोर टाकून ओढला, अर्धी गल्ली बघत होती. एक मोर ग्रिलला घासला आणि त्याची चोच गेली. खोलीत ठेवल्यावर कळलं, की पुढे हत्ती आहेत आणि मागे युनिट. झोका चार बोटं पुढे जायचा आणि काचेला लागायचा, चार बोटं मागे यायचा आणि खणांना लागायचा. आई एकदा बसली, दोन ठोके खाल्ले, उठली. दादाने प्लास्टिक काढू दिलं नाही. पाहुणे येऊन जाऊ दे, म्हणाला.

पाहुणे आले. मुलीची आई त्या सोफ्यावर बसली, उकाड्यात तिला ती मखमल सोसवेना. दहा मिनिटांत उठून ती आत माझ्या आईजवळ फरशीवर येऊन बसली, आणि लग्नाचं सगळं बोलणं तिथेच ठरलं. दादाने हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. काही शिकला नाही.

आखाजीच्या सकाळी आईने घागर भरली, पूजा केली, पुरण वाटायला घेतलं. दोरखंड काढला नाही. मी विचारलं, बायका कधी येणार? ती म्हणाली, येणार नाहीत, यंदा नको म्हणून निरोप दिलाय. हे तिने मीठ संपलंय म्हणावं तसं सांगितलं. आणि पुरण बाजूला ठेवून टिकल्यांची साडी मांडीवर ओढली. आखाजीच्या दिवशी. माझ्या आठवणीत असं कधी झालं नव्हतं.

तेव्हा मी सांगितलं. कारागिराने विचारलं होतं, मला विचारलं होतं, आणि मी वर न बघता, ठीक वाटेल ते कर, म्हटलं.

तिने टिकली चिकटवली. मग विचारलं, "मंग तू मले काब्र नही इचारं?"

मला का नाही विचारलंस. इतक्या सभांमध्ये इतक्या लोकांनी मला आडवे प्रश्न विचारले आहेत. हा मात्र माझ्याच पत्रकातला होता.

मी माळ्यावरून हातोडा काढला आणि टीपॉयवर चढले. हत्तींनी वजन पेललं, तेवढं त्यांच्या बाजूने सांगायला हवं. दादा आंघोळ करून टॉवेलवरच बाहेर आला.

"खाली उतर. काय करतेस?"

"कडी बघते."

"ती कापली असेल तर? उगाच छत जाईल."

"जाईल."

"तुला सगळं थट्टाच वाटतं," तो म्हणाला. आवाज चढला नव्हता, म्हणून जास्त लागलं. "लहानपणी मी कापडाच्या गाठोड्यांवर झोपलोय. मला एक खोली अशी हवी होती, जी बघून कोणी विचारणार नाही, की इथे काम चालतं का."

मी म्हटलं, "चालतं ना काम. आत बघ, आजही चालू आहे."

त्याने आत बघितलं. आई साडीवर वाकलेली होती. ती मान वर न करता एवढंच म्हणाली, "फोडी टाक."

मी हातोडा उचलला तसा दादा ओरडला, "थांब." मला वाटलं, आता हात धरेल. तो दाराबाहेर गेला आणि मेन स्विच बंद करून आला. "करंट लागला असता तुला," म्हणाला, "अक्कल नाही." आणि टीपॉय धरून उभा राहिला.

तिसऱ्या घावाला कमळ गेलं. दादाच्या ओल्या केसांवर, सिंहांवर, टॉवेलवर, सगळीकडे पांढरं. आत हात घातला तर आधी नुसती वायर लागली, मग खडबडीत स्लॅब. मग गज. कारागिराने ती कापली नव्हती. त्याला बिचाऱ्याला मी म्हटलं तेच करायचं होतं, जे ठीक वाटेल ते, आणि त्याला कडी कापणं ठीक वाटलं नसावं.

वडील आवाज ऐकून वर आले, म्हणजे किती आवाज झाला असेल, कारण लूमने त्यांचे कान कधीच नेले आहेत. ते सरळ टीपॉयवर चढले, कडीत दोर ओवला आणि दोन्ही हातांनी लोंबकळून बघितलं. मग उतरले आणि म्हणाले, "आपली शे."

सोफा जिन्याच्या तोंडाशी नेला, टीपॉय आत, राजवाडी आइटम गॅलरीत. मी गल्लीत दारोदार फिरले. पत्रक वाटते तशीच, फक्त हातात कागद नव्हता. बायका आल्या. सगळ्यात आधी आई बसली आणि तिने पायाने जमीन रेटली. कोणी दोर धरायला मधे आलं नाही. तिचे पाय सरळ धबधब्याला लागले आणि तिथला कागद फाटला. दादा म्हणाला, "राहू दे."

छताला भोक अजून आहे. दादाच्या लग्नात फोटोवाला म्हणाला होता, तेवढी जागा फुलांनी झाकू. आईने नाही म्हटलं. बिनचोचीच्या मोरावर आता कपडे वाळतात, आणि त्या कामाला तो खरंच चांगला आहे.

आता तुमच्याकडे येते. हे वाचत तुम्ही कशावर तरी बसला आहात. उठा. घरात जी बाई सगळ्यात कमी बसते, तिच्याकडे जा आणि विचारा, तुला कुठे बसायचंय? ती म्हणेल, मला काय, कुठेही. ते उत्तर घेऊ नका, परत विचारा. मग ती जिथे बोट दाखवेल, तिथे जे काही उभं असेल, कितीचंही असो, हप्ते फिटलेले असोत वा नसोत, ते आजच्या आज हलवा.