साठावी सही

माझी वहिनी सुमेधा हिला दुसऱ्याचे फॉर्म भरायचं वेड आहे. नागपूरला असताना ही पोस्टात गेली की रांगेतल्या चारजणांच्या मनीऑर्डरी भरून देणार आणि मग घरी उशीर. आमची आई करवादायची, पण ऐकेल तर शपथ. पुढे गिरीशदादा डॉक्टर म्हणून विस्कॉन्सिनमधल्या आल्टबाखला आला, तेव्हा ही सवयही सामानाबरोबर आली.

आल्टबाख म्हणजे जेमतेम तीनशे माणसं. दीडशे वर्षांपूर्वी स्वित्झर्लंडमधल्या कुठल्याशा दरीतून सत्तावीस कुटुंबं इथे आली आणि आल्या आल्या त्यांनी आपली स्वतंत्र ग्रामसभा सुरू केली. वहिनी त्या गावची क्लार्क होती, म्हणजे आपली ग्रामसेविका म्हणा, तीही तब्बल एकोणीस वर्षं. जुनी दप्तरं सगळी जर्मनमध्ये, म्हणून ही बाई पन्नाशीत जर्मन शिकली. कशासाठी, तर कुणाच्या बकऱ्या कुणाच्या कोबीत शिरल्या त्याचे ठराव वाचायला! मला हसू यायचं. पण दादा गेल्यावर त्या दप्तरांनीच तिला धरून ठेवलं, हेही खरं.

आता ती रिटायर झाली आहे. आणि गेल्या महिन्यात गावच्या बोर्डाने ठरवलं, की एक जानेवारीपासून आल्टबाख शेजारच्या शहरात विलीन. नाव, सभा, ऑफिस, सगळं बंद. थांबवायचा एकच मार्ग होता. तीस दिवसांत साठ मतदारांच्या सह्या दिल्या, तर बोर्डाला गावाचं मत घ्यावंच लागणार होतं. वहिनीने दारोदार फिरून चौसष्ट सह्या जमवल्या. त्या भरात तिने मला एडिसनहून बोलावून घेतलं, म्हणाली, "ये गं, आनंद साजरा करू."

मी पोचले गुरुवारी. शुक्रवारी सकाळी अकराला नव्या क्लार्कचा, ब्रेंडाचा फोन आला.

"सुमेधा, नऊ सह्यांपुढची तारीख एकाच अक्षरात आहे. तुझ्या. सही करणाऱ्याने तारीख स्वतः लिहायची असते. मला त्या नऊ धरता येत नाहीत."

वहिनी मटकन खुर्चीत बसली. त्या नऊ सह्या गावचेच मतदार असलेल्या, पण आता वृद्धाश्रमात राहणाऱ्या म्हाताऱ्यांच्या होत्या. त्यांचे हात थरथरतात, म्हणून हिने नाव, पत्ता, तारीख सगळं आपण भरलं आणि फक्त सही घेतली. एकोणीस वर्षं नियम सांभाळलेल्या बाईने!

"तुला कळत नव्हतं का?" मी ओरडलेच.

"कळत होतं गं. हात आपोआप चालला."

उरल्या पंचावन्न. पाच कमी, तो तिसावा म्हणजे शेवटचा दिवस, आणि साडेचारला ऑफिस बंद. गावात आणखी दारं नव्हती. जे सही देणार ते देऊन बसले होते, बाकीच्यांनी तोंडावर नाही सांगितलं होतं. राहता राहिला तो वृद्धाश्रम, बावीस मैलांवर.

तिथे गेलो तर नऊपैकी एक आजी आठवड्यापूर्वी वारली होती, एकजण हॉस्पिटलात, दोघांना काही उमजत नव्हतं. उरले बरोबर पाच. म्हणजे पाचच्या पाच पाहिजेत.

पहिली आजी झोपलेली. नर्स म्हणाली, उठवायचं नाही. तिच्या खोलीबाहेर आम्ही चाळीस मिनिटं घड्याळ बघत उभ्या. मग ती उठली, तिचा चष्मा सापडेना. दुसऱ्या आजोबांनी महिना चुकवला, खोडला, परत लिहिला. वहिनीचा हात दोनदा पुढे गेला आणि दोनदा मी तो मागे ओढला. "इथे सही, इथे तारीख," एवढंच ती सगळ्यांना सांगत होती, पुन्हा पुन्हा. पावणेचारला चार सह्या झाल्या होत्या.

राहिले वॉल्टर श्ट्राइफ. वय चौऱ्याण्णव. खिडकीशी बसले होते. वहिनीने कागद मांडीवरच्या पाटीवर ठेवला, पेन हातात दिलं.

"इथे सही आणि इथे आजची तारीख, वॉल्टर."

त्यांनी पेन खाली ठेवलं आणि कागद वाचायला घेतला. एकेक ओळ, बोट ठेवून. मी घड्याळ बघतेय, तीन पंचावन्न. देवा रे, मागचं पानही वाचणार का? वाचलं.

"हे विलीनीकरण थांबवण्यासाठी आहे?"

"मत घ्यावं म्हणून आहे," वहिनी म्हणाली.

"मागच्या वेळी मला वाटलं, माझ्या औषधांचा फॉर्म असेल. तू आणला होतास, म्हणून केली सही." त्यांनी कागद परत पाटीवर ठेवला. "सुमेधा, मागच्या जानेवारीत गावचा बर्फ काढायला दोन दिवस लागले. माझ्या बायकोला, रूथला छातीत दुखत होतं. ॲम्ब्युलन्स माझ्या गल्लीच्या तोंडाशी अडकून पडली. शहराकडे बर्फ काढायच्या सहा गाड्या आहेत. मी नाही सही करणार."

मी मराठीत कुजबुजले, "वहिनी, सांग ना त्यांना, दादा रात्री-बेरात्री त्यांच्याकडे जायचा म्हणून! एवढं तरी ऐकतील."

वहिनीने झटक्यात कागद उचलला.

"रागावलीस?" त्यांनी विचारलं.

"हो," ती म्हणाली. "खूप. पण तुमच्यावर नाही." मग तिने त्यांच्या पायावरची शाल सारखी केली आणि आम्ही निघालो.

पार्किंगमध्ये चार वाजून चार मिनिटं. मी गाडी चालू केली आणि मनातलं बोलून टाकलं. "हे बघ, दोघांना उमजत नाही ना? त्यांतल्या एकाचं नाव घाल. वेडंवाकडं लिहिलं की झालं. कोण बघतंय? एका सहीसाठी अख्खं गाव जाणार, यार!"

तिने पेनाचं टोपण काढलं. खोटं कशाला बोलू, त्या क्षणी मला वाटलं, लिही बाई, लिही. रिकाम्या ओळीवर पेन टेकलं, शाईचा एक ठिपका उमटला. मग तिने टोपण लावलं आणि म्हणाली, "चल. उशीर होईल."

पूर्ण रस्ता मी ऐंशीने गाडी हाणली. कशासाठी, कुणास ठाऊक. चार सत्तावीसला ऑफिसात पोचलो. ब्रेंडाने सह्या मोजल्या. परत मोजल्या. तिसऱ्यांदा मोजताना तिचेच डोळे भरले होते, कारण तिची पणजी त्या सत्तावीस कुटुंबांतली.

"एकोणसाठ," ती म्हणाली, आणि नामंजुरीचा शिक्का मारला.

बाहेर पायरीवर वहिनी बसली आणि हमसून हमसून रडली. दादा गेला तेव्हासुद्धा मी तिला असं रडताना पाहिलं नव्हतं. मी तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हटलं, "जाऊ दे गं. त्या एका म्हाताऱ्याने नाही म्हटलं म्हणून..."

"त्याने वाचलं म्हणून तो नाही म्हणू शकला," ती म्हणाली. "बाकीच्या चौघांना मी आजसुद्धा नुसतं 'इथे सही करा' म्हटलं, आसावरी. गावाला विचारा म्हणून महिनाभर भांडले. आणि त्यांना मी विचारलंच नाही."